‘स्मृतिचित्रे’ आणि कृपेचा नित्यानुभव

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे आपली समीक्षा प्रायः दोन दृष्टींनी पाहत आली आहे. पहिली दृष्टी भाषेतिहासाची. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात प्रसिद्ध झाले. एका इंग्रज जेझुइटाने मराठी ओवी इतकी आत्मसात करावी, ह्याचे नवल आपण तीन शतकांहून अधिक काळ करीत आहोत. दुसरी दृष्टी समाजेतिहासाची. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) विधवांच्या दुःस्थितीचे चित्र आहे. पंडिता रमाबाईंच्या जीवनकार्यात स्त्रियांच्या उद्धाराचा इतिहास आहे, आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मणी संसाराचा अमोल दस्तऐवज आहे. ह्या दोन्ही दृष्टी आवश्यक आहेत, ह्यात शंका नाही. तथापि ज्या अनुभवामुळे हे वाङ्मय ख्रिस्ती ठरते, त्या अनुभवाची वाङ्मयीन तपासणी त्यांमुळे कडेला पडली आहे.

तो अनुभव कृपेचा होय. येथे कृपा म्हणजे धर्मांतराच्या क्षणी लाभणारा साक्षात्कार नव्हे. धर्मांतर होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवायची असते, घरात पीठ आहे की नाही ते पाहायचे असते, रुसलेल्या माणसाशी बोलायचे असते. त्या सकाळी आणि तिच्यानंतरच्या हजारो सकाळी श्रद्धावान माणूस कशाच्या आधारावर जगतो, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, ह्या प्रश्नाचे मराठीतील सर्वांत समर्थ उत्तर टिळकांच्या भक्तिकाव्यात नसून लक्ष्मीबाईंच्या गद्यात आहे. आणि ‘स्मृतिचित्रां’तील ज्या विनोदाची आपण स्वभावविशेष म्हणून प्रशंसा करतो, तो विनोद हेच त्या उत्तराचे वाङ्मयीन रूप आहे.

२

ह्या विवेचनाला वैनगंगेकाठच्या प्रदेशापासून आरंभ करण्यास कारण आहे. टिळक म्हटले की आपल्याला नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आठवते. परंतु त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते नागपूर-राजनांदगावच्या वाटेवर. नागपुरात आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने ग्रंथकार्य केल्यानंतर टिळक १८९३ मध्ये राजनांदगावास निघाले असता आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि ती वाचण्याचा आग्रह केला. टिळक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

नागपूरहून राजनांदगावास जाणारा लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून जातो. भंडारा रोड म्हणून ओळखले जाणारे वरठीचे स्थानक त्याच मार्गावर आहे आणि पुढे वैनगंगा ओलांडावी लागते. त्याच दिशेचा जुना सडकमार्ग भंडारा शहरातून निघून वैनगंगेच्या पुलावरून पैलतीरी उतरतो, तेथे कारधा हे गाव आहे. तेथून लाखनी, साकोली, देवरी अशी ती सडक राजनांदगाव-रायपूरकडे जाते. कारधा हे गाव वृत्तपत्रांच्या वाचकाला बहुधा एकाच कारणाने माहीत असते. पावसाळ्यात वैनगंगेची पातळी कारध्याच्या पुलापाशी मोजली जाते, आणि धोक्याच्या खुणेच्या वर पाणी गेले की ते नाव छापून येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुरात भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हाही लोकांचे लक्ष ह्याच मोजणीकडे लागले होते.

परंतु नदीकाठच्या गावाचे नदीशी असलेले नाते पुराच्या चार दिवसांवर उभे नसते. ते उरलेल्या दिवसांच्या पाण्यावर असते: पिण्याचे, गुरांचे, धानाच्या बांध्यांचे, मासेमारीचे. पूर मोजता येतो, त्याची नोंद राहते. रोजचे पाणी कोणी मोजीत नाही. ते आहे म्हणून गाव आहे, एवढीच त्याची नोंद.

धर्मानुभवाच्या वाङ्मयातही हा भेद आहे. धर्मांतराची कथा ही पुराची कथा असते. संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’पासून तिची एक घडण ठरून गेली आहे: आधीचा अंधार, मग झगडा, मग निर्णायक क्षण. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्रही नावापासूनच ह्या घडणीतले आहे. रात्र सरून अरुणोदय होईपर्यंतचा प्रवास हा त्याचा विषय. अशा लेखनाचे मोल मोठे आहे. परंतु अरुणोदयानंतर जो दिवस येतो, त्याच्या दुपारचे आणि तिसऱ्या प्रहराचे काय, ह्याविषयी ते फारसे सांगू शकत नाही. ‘स्मृतिचित्रे’ त्या दुपारीचे पुस्तक आहे.

३

‘कृपा’ ह्या शब्दाची मराठीतील पूर्वपीठिका येथे थोडक्यात पाहिली पाहिजे. ग्रीक नव्या करारातील ‘खारिस’ ह्या शब्दासाठी मराठी बायबलने ‘कृपा’ हा शब्द स्वीकारला. तो कोरा शब्द नव्हता. गुरुकृपा, कृपादृष्टी, कृपाळू माउली असे त्याचे शतकांचे संचित होते. जवळचे दुसरे शब्दही होते. ‘अनुग्रह’ म्हटले की गुरूकडून मंत्र घेण्याचा विधी मनात येतो. ‘प्रसाद’ म्हटले की नैवेद्यानंतर हाती येणारा घास. ‘दया’ ही अपराध्यावर किंवा दुबळ्यावर केली जाते. कृपेत ह्या सर्वांचा काही अंश आहे, पण प्रेषित पौलाने ज्या अर्थावर भर दिला तो अधिक तीक्ष्ण आहे: कृपा मिळवता येत नाही. ती कर्माचे वेतन नाही. ज्याला ती लाभते, त्याला तिच्याविषयी फुशारकी मारण्यास जागा उरत नाही.

ह्याला आणखी एक अंग आहे, ते काळाचे. इस्राएली लोकांना रानात जो मान्ना मिळाला, तो त्या त्या दिवसापुरता गोळा करायचा होता. उद्यासाठी साठवला तर त्यात किडे पडत. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती रोजची. म्हणजे कृपा न कमावलेली तर असतेच, शिवाय ती न साठवता येणारीही असते. कालच्या कृपेवर आज जगता येत नाही. श्रद्धाजीवनाचा सगळा आनंद आणि सगळी कसोटी ह्या एका गोष्टीत आहे.

पंडिता रमाबाईंच्या जीवनात ह्याचे उदाहरण दिसते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त त्यानंतर काही वर्षांनी भेटला, असे त्यांनी १९०७ मधील आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात स्पष्टपणे नोंदविले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पुढे शेकडो मुखे रोज जेवू घालायची होती, आणि ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरप्रमाणे ईश्वरावर विसंबून संस्था चालविण्याचा आदर्श त्यांच्यापुढे होता. तेथे ‘रोजची भाकर’ हे रूपक राहिले नव्हते. मात्र रमाबाईंचे निवेदन साक्षीचे आहे. साक्ष देणाऱ्याला निष्कर्ष सांगावाच लागतो. वाङ्मयाला तो सांगावा लागत नाही, आणि लक्ष्मीबाईंचे सामर्थ्य नेमके तेथे आहे.

४

आधी टिळकांच्या काव्याकडे वळू. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ‘अभंगांजली’तील रचना वाचताना त्याची सत्यता पदोपदी जाणवते. ख्रिस्ताला माउली म्हणणे, त्याच्या दारी पडून राहणे, स्वतःचे अवगुण उघडे करून त्याच्याशी भांडणे, हे सर्व वारकरी परंपरेचे देणे आहे. परदेशी चालींवर बेतलेल्या भाषांतरित स्तोत्रांच्या जागी टिळकांनी मराठी ख्रिस्ती मंडळीला तिची स्वतःची भाषा दिली, ही त्यांची कामगिरी निर्विवाद आहे.

परंतु अभंग हा भावनेच्या उत्कट बिंदूचा रचनाप्रकार आहे. शरणागतीचा क्षण तो धरू शकतो. शरण गेल्यानंतरचे मंगळवार-बुधवार त्याच्या कक्षेत सहसा येत नाहीत. टिळकांच्या भक्तिगीतांत भक्त आणि देव असे दोघेच असतात. तिसरे माणूस नसते. घर नसते, उधारी नसते, आजारी मूल नसते, ‘आज काय शिजवायचे’ असे विचारणारी पत्नी नसते. तुकारामांच्या अभंगांत ही तिसरी व्यक्ती अधूनमधून डोकावते. टिळकांच्या गीतांत ती जवळजवळ नाहीच. ह्याला दोष म्हणण्याचे कारण नाही. पण ज्या जीवनातून ती गीते निघाली, त्या जीवनाचा दुसरा अर्धा भाग कोठे आहे, असे विचारण्याचा अधिकार वाचकाला आहे. तो अर्धा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला.

५

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर आला. १८६८ मध्ये जन्मलेल्या ह्या स्त्रीला शाळेचे शिक्षण नव्हते, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर पतीकडून. तरीही ग्रंथाची मांडणी विलक्षण अर्थपूर्ण आहे. आरंभ होतो तो सोवळ्यापासून. १८५७ च्या धामधुमीत घराण्यावर ओढवलेल्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना शुद्धाशुद्धतेचे वेड लागले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, मीठ-साखरेसारखे पदार्थदेखील त्यातून सुटायचे नाहीत. वाचक हसतो, आणि हसता हसता त्या घरातल्या बायकामुलांच्या हालांनी व्याकूळ होतो.

ह्या आरंभाचे महत्त्व केवळ विनोदी प्रसंगाचे नाही. सोवळे म्हणजे पावित्र्य स्वतःच्या हातांनी मिळविण्याचा आणि राखण्याचा अखंड प्रयत्न. तो कधीच पुरा होत नाही, कारण धुतलेली वस्तू पुन्हा विटाळू शकते. कृपेच्या कल्पनेचा ह्याहून पूर्ण विरुद्ध ध्रुव शोधून सापडणार नाही. लक्ष्मीबाई तसे कोठेही म्हणत नाहीत. त्या फक्त साखर धुण्याची हकिकत सांगतात आणि पुढे जातात. परंतु ग्रंथ वाचून झाल्यावर ध्यानात येते की पुढील सगळा प्रवास ह्या धुण्यापासून दूर जाण्याचा आहे.

तो प्रवास फार सावकाश होतो, ही दुसरी लक्षणीय गोष्ट. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. शोकाने त्या भ्रमिष्टावस्थेच्या कडेपर्यंत गेल्या. त्या दुःखातूनच त्यांच्या तोंडी पहिल्या कविता आल्या. नातलगांनी त्यांना सांभाळले. पुढे त्या मुलासह पतीजवळ राहावयास गेल्या, पण स्वतःचा आचार आणि स्वतःची चूल सांभाळून. पतीच्या मतांतराने त्यांचे मतांतर झाले नाही. त्यांना स्वतःचा प्रश्न स्वतः सोडवायचा होता आणि तो कोणत्या रूपात आला? त्रैक्य, प्रायश्चित्त किंवा पुनरुत्थान ह्यांच्या रूपात नव्हे. तो आला पाण्याच्या रूपात. जात देवाने केली की माणसाने? आणि माणसाने केली असेल तर कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास हरकत काय? हा विचार मनाशी पुरा झाला, तेव्हा त्यांचे सोवळे गळून पडले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. म्हणजे कृपेने त्यांच्या जीवनात प्रवेश केला तो स्वयंपाकघराच्या दारातून.

येथे जनाबाईंचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. जनाबाईंच्या नावावरील अभंगांत विठ्ठल दळू लागतो, पाणी भरतो, केर काढतो. मराठी मनाला ईश्वर घरकामात भेटल्याचा अनुभव सातशे वर्षांपासून परिचित आहे. टिळक तुकारामांच्या पुलावरून आले असतील, तर लक्ष्मीबाई जनाबाईंच्या वाटेने आल्या, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र ह्या साम्यात एक भेद आहे आणि तो नजरेआड करता येत नाही. ‘स्मृतिचित्रां’त देव दळू लागत नाही. जात्याशी लक्ष्मीबाई एकट्याच असतात. दुष्काळात पोरकी झालेली मुले घरात येतात, त्यांचे करणे त्यांच्याकडे येते. प्लेगची साथ येते, आणि भीती असूनही रोग्यांची सेवा करावी लागते. ह्या कोणत्याही प्रसंगी आकाशातून हात पुढे येत नाही. कृपा दिसते ती एवढ्याच रूपात की दिवस पार पडतो आणि दिवस पार पाडणाऱ्या बाईच्या मनात कटुता उरत नाही.

कटुता न उरणे हीच ह्या गद्याची शैली आहे. टिळकांचा स्वभाव ग्रंथात जसाच्या तसा उतरला आहे: क्षणात भडकणारा राग, लगेच होणारा पश्चात्ताप, न सांगता घरातून निघून जाणे, हातातला पैसा दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळे होणे. कोणत्याही पत्नीने ह्यावर आरोपपत्र लिहिले असते, तर वाचकाने तिची बाजू घेतली असती. आणि एखाद्या भाविक चरित्रकाराने त्याच सामग्रीतून संतचरित्र रचले असते. लक्ष्मीबाई दोन्ही करीत नाहीत. त्या भांडण सांगतात, त्यात स्वतः काय बोलल्या तेही सांगतात, स्वतःची फजिती पतीच्या फजितीइतक्याच खुल्या मनाने सांगतात. त्यांची वाक्ये आखूड, बोलीच्या वळणाची. विशेषणांचा सोस नाही. प्रसंग संपला की वाक्य संपते. तात्पर्य काढण्यासाठी त्या थांबत नाहीत.

ह्या विनोदाचे मर्म काय? उपहासात बोलणारा उंचावर उभा असतो. उपरोधात तो बाजूला उभा असतो. लक्ष्मीबाईंच्या विनोदात बोलणारी व्यक्ती ज्यांना हसते त्यांच्याच रांगेत, त्यांच्या शेजारी उभी असते. हा समानतेचा विनोद आहे. आणि कृपेची कल्पना गंभीरपणे घेतली तर तिच्यातून दुसरा विनोद निघूच शकत नाही. कोणाचेही पारडे पुण्याने जड नसेल, सर्वांनाच न मागता मिळाले असेल, तर कोणी कोणाकडे वरून पाहावे?

ह्या विधानाला ग्रंथातच एक पक्का पुरावा आहे. धर्मांतरितांच्या लेखनात मागे सोडलेल्या धर्माविषयी आणि माणसांविषयी कडवटपणा बहुधा येतो. तो समजण्यासारखाही असतो, कारण सोडताना त्यांनी फार सोसलेले असते. लक्ष्मीबाईंनीही सोसले. परंतु पंढरपूरचे आणि जलालपूरचे नातलग त्यांच्या लेखणीतून जिव्हाळ्याने उतरतात. वडिलांच्या सोवळ्याला त्या हसतात, वडिलांना तुच्छ लेखीत नाहीत. स्वतःच्या पूर्वीच्या आचारालाही त्या मूर्खपणा म्हणून झिडकारीत नाहीत. तो एके काळी आपल्याला खरा वाटत होता, एवढे त्या मान्य करतात. ज्याला नवे काही स्वतःच्या कर्तृत्वाने मिळाले आहे असे वाटते, त्याला जुन्याचा धिक्कार करावा लागतो. ज्याला ते दान म्हणून मिळाले, त्याला तशी गरज पडत नाही.

६

ह्या वाचनावर दोन आक्षेप येऊ शकतात आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला असा: हा विनोद लक्ष्मीबाईंचा जन्मजात स्वभाव होता, त्याचा श्रद्धेशी संबंध जोडणे ओढूनताणून आहे. स्वभावाचा भाग अर्थात आहेच. पण स्वभाव आणि दृष्टी ह्यांत फरक असतो. विनोदी स्वभावाचा माणूस सुखाच्या काळात हसवतो आणि संकटात गप्प होतो, किंवा संकटात त्याचा विनोद विखारी होतो. ‘स्मृतिचित्रां’त मुलांचे मृत्यू आहेत, बहिष्कार आहे, दारिद्र्य आहे, वियोग आहे, आणि लेखन चालू आहे ते वार्धक्यात, टिळकांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. एवढ्या अंतरावरून पाहताना आवाज फाटत नाही आणि गोडगोडही होत नाही. त्याला केवळ स्वभाव पुरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. टिळक ईश्वरावर भरवसा ठेवून जगले, असे आपण म्हणतो. पण त्या भरवशाची किंमत कोणी मोजली? उद्याची चिंता करू नये ही शिकवण पुरुषाने पाळायची आणि उद्याचे धान्य स्त्रीने कोठून तरी आणायचे, ह्याला कृपा म्हणावे की बेफिकिरी? अलीकडच्या स्त्रीवादी वाचकांनी हा प्रश्न जोराने विचारला आहे आणि तो विचारलाच पाहिजे. शांता गोखले ह्यांनी २०१७ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे हा ग्रंथ ज्या नव्या वाचकांपर्यंत गेला, त्यांनाही हा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही.

सर्वांत तीव्रतेने तो उभा राहतो १९१७ मध्ये. त्या वर्षी टिळकांनी मिशनचा पगार सोडला. पगारावर पोसली जाणारी श्रद्धा आपल्या मातीत रुजणार नाही, असे त्यांचे निदान होते. पुढे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी ती कल्पना होती. विचार म्हणून ती आजही ताजी आहे. पण ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले, आणि त्या विचाराला जगून दाखविण्यास जो काळ लागतो तो त्यांना मिळाला नाही. काळ मिळाला तो लक्ष्मीबाईंना.

ह्या आक्षेपाला ‘स्मृतिचित्रां’तूनच उत्तर मिळते, पण ते समर्थनाचे नाही. लक्ष्मीबाई पतीच्या वागण्याला ईश्वरी योजना म्हणून पदराखाली घालीत नाहीत. त्यांना राग आला, तो त्यांनी लिहिला. उपासमारीला त्यांनी उपास म्हटले नाही. मराठी भाविक वाङ्मयात संतपत्नीला एकतर कजाग करून सोडतात, नाहीतर मूक पतिव्रता करून गौरवितात. तुकारामांच्या पत्नीच्या वाट्याला लोककथेत काय आले ते सर्वांना ठाऊक आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे संतपत्नीने स्वतः लिहिलेले उत्तर आहे. त्यात ती कजागही नाही आणि मूकही नाही. ती बोलते, आणि बोलून झाल्यावर क्षमा करते. क्षमा करण्यासाठी आधी अपराध अपराध म्हणून मांडावा लागतो. जेथे सारे काही झाकूनच टाकलेले असते, तेथे क्षमेला विषयच उरत नाही. म्हणून असे म्हणावे लागेल की टिळकांनी कृपेवर विसंबून जगण्याचे व्रत घेतले, परंतु त्या घरात कृपा प्रत्यक्ष वाटली गेली ती बहुतांशी लक्ष्मीबाईंच्या हातून. हे मान्य केले तर टिळकांचे मोठेपण कमी होत नाही. फक्त हिशेब खरा होतो.

७

शेवटी ‘ख्रिस्ताय­ना’विषयी दोन शब्द. टिळकांनी आरंभिलेले हे महाकाव्य त्यांच्या हयातीत सुमारे दहा अध्यायांपर्यंतच पोचले. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि ६४ अध्यायांची भर घालून पूर्णतेस नेले. १९३८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ते प्रसिद्ध झाले. काव्यगुणांच्या दृष्टीने लक्ष्मीबाईंचे अध्याय टिळकांच्या अध्यायांच्या बरोबरीने ठेवता येतील असा आग्रह धरण्याचे कारण नाही, आणि ‘स्मृतिचित्रां’ची झळाळी तर त्यांत नाहीच. पण लेखनकर्म म्हणून ह्या प्रमाणाकडे पाहावे. प्रतिभावंताने आरंभ केला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीने रोज थोडे थोडे करीत तो तडीस नेला. मान्ना रोज गोळा करावा लागतो, तसेच हे. त्यांच्या कवितासंग्रहाला ‘भरली घागर’ हे नाव मिळाले, ते ह्या अर्थाने फार समर्पक वाटते. घागर भरून आणली तरी ती संध्याकाळी रिकामी होते आणि सकाळी पुन्हा नदीवर जावे लागते.

मराठी समीक्षेने ‘स्मृतिचित्रां’ना उत्तम आत्मचरित्राचा मान दिला, आणि तो देताना त्यांतील श्रद्धा हा वैयक्तिक भाग मानून बाजूला ठेवला. दुसरीकडे धार्मिक वाचकांनी त्यांतून श्रद्धेची वचने वेचली आणि विनोद हा मधला विसावा मानला. दोघांनीही एकाच वस्तूचे दोन तुकडे केले. ह्या ग्रंथात श्रद्धा आणि विनोद वेगळे करता येत नाहीत. ज्या बाईला स्वतःच्या पुण्याईचा हिशेब ठेवायचा नाही, तिलाच इतरांचे अपराध असे मोकळेपणाने सांगून असे सहज सोडून देता येतात.

ह्यापुढील अभ्यासकाने एक काम अवश्य करावे. बाप्तिस्म्यापूर्वीची आणि बाप्तिस्म्यानंतरची प्रकरणे शेजारी ठेवून त्यांतील निवेदनाचा सूर बारकाईने तपासावा: कोणाला हसले आहे, कोणाबरोबर हसले आहे, कोठे लेखिका स्वतःला वगळते आणि कोठे सामील करून घेते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील श्रद्धानुभवाचे माप धर्मांतराच्या तारखांवरून लावण्याची सवय आपल्याला जडली आहे. कारध्याच्या पुलापाशी मोजलेली पातळी पुराचे प्रमाण अचूक सांगते, आणि ते सांगणे आवश्यकच असते. पण वैनगंगेने त्या गावाला काय दिले हे जाणून घ्यायचे असेल, तर पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांकडे पाहावे लागते. ‘स्मृतिचित्रां’चा अभ्यासही त्याच दिवसांपासून सुरू झाला पाहिजे.